मूळची सीट

स्पेअर पार्टच्या दुकानात रांग होती. तुटलेली ब्रेकची वायर हातात धरून एक शिंपी उभा होता आणि त्याच्या पुढे एक नवरा-बायको दबक्या आवाजात भांडत होते.

“स्कूटरची मागची सीट काढून टाकलीत आणि मला सांगितलंही नाहीत?”

“अगं, चाळीस वर्षांपूर्वी ही गाडी कारखान्यातून एकाच सीटची निघाली होती. मागची नंतर कुणीतरी बसवलेली.”

“तीन वर्षं माझ्या चहाच्या गाळणीतून पेट्रोल गाळलंत. इंजिन उघडलंत की टॉर्च धरायला मी. तेव्हा नाही आठवलं, एकाच सीटची आहे ते?”

“मला गाडी मूळची होती तशीच हवी.”

“तुमचा गुडघा कुठे मूळचा राहिलाय? किक मलाच मारावी लागते.”

“हळू बोल. लोक ऐकतायत.”

“ऐकू देत.”

शिंपी खाली मान घालून हातातली वायर निरखू लागला.

“बोला ताई, काय देऊ?” दुकानदाराने विचारलं.

“मागची सीट द्या.”

“मी ती बसवणार नाही, आत्ताच सांगून ठेवतो,” नवरा म्हणाला.

“बसवायचं मी बघते. तुम्ही फक्त तिच्यावर बसा. पुढे मी बसणार आहे.”