हातांचे फोटो

माझ्या फोटोंचं कौतुक करताय ना, मग हेही ऐका. लातूरला माझं प्रदर्शन होतं. शेतात राबणाऱ्या बायांचे नुसते हात. निलंग्याकडचे एक काका एका फोटोपुढं बराच वेळ उभे राहिले.

“ही माझी बायको हाय. बोट वाकडं हाय बघा. तोंडाचा फोटो कुठाय?”

मी ऐटीत म्हणालो, “काका, तोंड मुद्दामच घेतलं नाही. हातच सगळं सांगतात.”

“ती गेली, साहेब. घरात तिचा एक बी फोटो न्हाई. तुमच्याकडं असंल म्हणून आलो.”

घरी येऊन सगळे फोटो धुंडाळले. एकातही तोंड नव्हतं. असणार कुठून? फोटो काढताना तिनं विचारलं होतं, “तोंड धुऊन येऊ का?”

मीच म्हणालो होतो, “नको मावशी, हात पुरे.”