दोन डेरे गडावर

राजगडावर मुक्कामाचा बेत माझाच, म्हणजे फसला तर शिव्याही मलाच, नाही का? पुण्याचे तिघे व्यापारी स्नेही येणार होते. गुंजवण्याच्या पाटलांना मी आधीच निरोप धाडला, "दोन मोठे डेरे वर चढवून ठेवा." चैत्रातल्या उन्हात धापा टाकत वर पोचलो, तर देवळापुढं पाण्यानं काठोकाठ भरलेले मातीचे दोन डेरे!

"अहो पाटील, डेरे म्हणजे तंबू हो! आता निजायचं कुठं?"

"निजा की देवळात. हितं टाक्यात निस्ता गाळ ऱ्हायलाय, पानी न्हाई."

स्नेह्यांनी तोवर तांब्या बुडवलाही होता. माझा जीव भांड्यात पडला. पाटील मात्र फुगलेलेच, "तंबू आनला असता शेट, तर काय पिळून प्याला असता?"