सीट नसलेली गाडी

हाडांच्या दवाखान्यात शिंपीणबाई आपला दुखरा खांदा धरून बसल्या होत्या. समोरच्या बाकावर एक नवरा-बायको नंबरची वाट बघत होते. बायकोचा पाय प्लास्टरमध्ये होता.

“अहो, पण सीटच नाही अशी कसली मोटारसायकल?”

“अगं, ट्रायल्सची गाडी आहे ती. उभं राहून दगडांवरून हळूहळू न्यायची. पाय टेकला की गुण गेले.”

“म्हणजे शर्यत?”

“छे! घाई करायचीच नाही त्यात.”

“मग जायचं कुठं?”

“कुठंच नाही. तोच ओढा, तेच दगड.”

शिंपीणबाईंना काही केल्या उमजेना. त्या जराशा पुढे सरकल्या.

“दोन वर्षं ते भंगार घासत होतात. मला वाटलं, आपल्या दोघांसाठी चाललंय.”

“मी कधी तसं म्हटलं?”

“नाही असंही कधी म्हणाला नाहीत.”

“म्हणून तू एकटीनं गाडी बाहेर काढलीस?”

“मागं बसायला जागाच नाही म्हटल्यावर काय करणार?”

नवऱ्यानं वाकून प्लास्टर न्याहाळलं.

“कुठवर गेलीस?”

“तिसऱ्या दगडापर्यंत. तिथं आडवी झाले.”

“तिसऱ्या? अगं, मी अजून दुसराच चढतोय!”