सरळ दांडीचा फाय

दोर्रा : म्हणजे गणिती चिन्हांच्या सामाईक फाईलमध्ये ही ओळ तूच घातलीस, ओलफा.

ओलफा : हो ताई. सरळ दांडीचा फाय कसा काडीला टोचलेल्या ऑलिव्हसारखा दिसतो! म्हणून तो टाइप केला तरी छापताना वळणदारच उमटेल, अशी सोय केली. सी लझहर म्हणाले, सुरेख.

दोर्रा : आपले मार्गदर्शक 'सुरेख' म्हणाले? पाच वर्षांत माझ्या वाट्याला एक 'हं' आला. तोही फोनवर दुसऱ्याशी बोलता बोलता.

ओलफा : त्यांचा स्वभावच तसा आहे हो.

दोर्रा : स्वभाव विद्यार्थ्यागणिक बदलत नाही. या फाईलमधली अल्फापासून ओमेगापर्यंत प्रत्येक ग्रीक अक्षर कसं छापायचं त्याची आज्ञा मी लिहिली आहे. तुला ही फाईल कुणी दिली?

ओलफा : त्यांनीच. म्हणाले, 'माझी फाईल वापर.'

दोर्रा : 'माझी.' उत्तम.

ओलफा : अहो ताई, एका अक्षरासाठी एवढं…

दोर्रा : दोन अक्षरांसाठी. हीच फाईल माझ्या प्रबंधालाही जोडलेली आहे. त्यात सरळ फाय हे एक फलन आणि वळणदार फाय दुसरं. ती दोन कधीही समान नसतात, हे माझं मुख्य प्रमेय. परीक्षकांसाठी आज छापलेलं हे पान वाच. मोठ्याने.

ओलफा : 'फाय हे फायशी कधीही…' अगं बाई! दोन्ही एकसारखेच उमटलेत!

दोर्रा : पाच वर्षांच्या संशोधनाचं फलित : कोणतीही वस्तू स्वतःसारखी नसते.

ओलफा : थांबा, ओळ आत्ता काढते. प्रत ट्युनिसला उद्या जायची आहे ना? मग वेळ आहे. पण ओळ घालून तीन आठवडे झाले. गेल्या आठवड्यात सी लझहरना प्रत दिलीत, तेव्हा त्यांनी पकडलं नाही?

दोर्रा : तुझा लेख त्यांनी कसा परत केला?

ओलफा : रक्तबंबाळ! पानापानावर लाल शाई. एका स्वल्पविरामावरून अर्धा तास झापलं, तेही घरी बोलावून. त्यांच्या बायकोने कुसकुस वाढलं तेव्हा कुठे सुटका.

दोर्रा : घरी.

ओलफा : हो… आणि तुमची प्रत?

(दोर्रा पिशवीतून प्रबंध काढून तिच्यापुढे ठेवते. ओलफा पानं उलटते. आधी भराभर, मग सावकाश.)

ओलफा : शेवटी 'मान्य' लिहून सही केली आहे.

दोर्रा : आणि आधीच्या एकशे बेचाळीस पानांवर?

ओलफा : …ओळ काढली, ताई. आता दोन्ही फाय वेगळे दिसतात.

दोर्रा : ठीक. ओलफा, तुझा तो लाल शाईचा लेख उद्या आणशील? मला नुसता बघायचा आहे.