मिठाचा शेक

सीताबाई: सर गो बाजूला. मीठ चांगलं तापलंय तव्यावर. फडक्यात बांधते नि काळुरामाच्या पाठीला शेक देते.

सरू: फडकं ठेवा खाली, वन्सं.

सीताबाई: कासूवरनं गाडी पकडून आले ती काय तुझा चहा प्यायला? माझा पाठचा भाऊ कण्हतोय आत.

सरू: कॅन्सर मणक्यात उतरलाय, कण्हणारच. ह्यांच्या पाठीवर दुखणं थांबवायची औषधाची पट्टी हाय. तिला ऊब लागली की तीन दिवस पुरवायचं औषध भराभर अंगात उतरतं. माणूस झोपतो तो झोपतोच. पेणच्या दवाखान्यातल्या प्रतिक्षा सिस्टरनी बजावून सांगितलंय.

सीताबाई: पट्टी वर खांद्याजवळ हाय. मी कमरेला देते.

सरू: कमरेलापन नाय. अंग तापलं तरी तेच. साधा ताप आला तरी डॉक्टरला कळवायचं, मग शेक कसला देताय?

सीताबाई: त्या कालच्या पोरीचं, सिस्टरचं ऐकायचं, नि आमचं काय? मिठागरावर जन्म गेला आमचा. सगळ्यांची दुखणी मिठानंच गेली.

सरू: सगळ्यांची? हा हात बघा.

सीताबाई: आता तो कशाला काढतेस मध्ये?

सरू: बघा तरी. कोपरापासनं वाकडा. मिठागराच्या बांधावरनं ह्यांनी मला ढकललं, हाड मोडलं. मी म्हटलं, पेणला न्या. तर म्हणाले, सोंग करते, मीठ शेकवा. नि शेकवलं कोणी?

सीताबाई: मी तुझ्या बऱ्यासाठीच केलं.

सरू: महिनाभर बरं केलंत. हाड जुळलं ते असं. अजून ह्या कुशीवर झोपता येत नाय मला.

काळुराम: (पडद्याच्या आतून) बाय... दे गो शेक. कंबर तुटतेय.

सीताबाई: ऐकलंस? दगड हायेस नुसती! रोह्याला सुरभीला फोन लावते. कळू दे लेकीला, आई बापाला कशी वागवते ती.

सरू: लावा. तीपन तेच सांगेल, शेक नको.

सीताबाई: मग मीच सांगते काय ते. सूड उगवतेस तू!

सरू: व्हय. उगवतेय.

सीताबाई: वर तोंड करून सांगतेस?

सरू: सांगते. पण माझा सूड तुम्हाला अजून कळलाच नाय. मागच्या सोमवारी मी पट्ट्या आणायला पेणला गेले होते. तुम्ही होतात इथं. शेक देऊ नका असं सांगून गेले होते, तरी दिलात नि गाडीची वेळ झाली म्हणून निघून गेलात.

सीताबाई: दिला! केवढं बरं वाटलं त्याला. बोलता बोलता डोळा लागला.

सरू: ती झोप नव्हती, वन्सं. मी आले तर घोरणंच वेगळं. श्वास घ्यायचे नि थांबायचे. पुन्हा घ्यायचे की नाय, कळायचं नाय. ओठ निळे पडलेले. हाका मारल्या, चिमटा काढला. डोळा उघडेना.

सीताबाई: अगो बाय! मला कुणी बोललं नाय.

सरू: बोलणार कोण? घरात मी एकटी. नि मी काय केलं, माहितेय? ह्यांच्या उशाशी बसले.

सीताबाई: बसलीस?

सरू: बसले. मनात म्हटलं, मिठानंच नेलं. नि नेलं ते लाडक्या बहिणीच्या हातून. माझ्याकडं बोट दाखवायला कुणाला जागा नाय. एवढा गोड सूड मागूनसुद्धा मिळाला नसता.

सीताबाई: सटवे!

सरू: म्हणा. मग ह्यांचं तोंड बघितलं. कपाळाला आठी नाय, कण्हणं नाय. तेव्हा डोकं फिरलं माझं. माझी सगळी जिंदगी वाकडी करून हा माणूस असा अलगद सुटणार? मला ते सोसेना. उठले, पट्टी ओढून काढली, शेजारच्या नितेशची रिक्षा बोलावली नि पेण गाठलं.

काळुराम: बाय... खरं सांगते ती?

सीताबाई: मला काय ठाऊक? तू बोल.

काळुराम: मला झोप लागली, एवढंच आठवतं. डोळे उघडले तर वर दवाखान्याचा पंखा.

सीताबाई: ...ह्या मिठाचं काय करू आता?

सरू: बरणीत ओता. कालवणाला होईल. नि आत या, पट्टी बदलायचीय. बघून ठेवा. उद्या मीच पडले तर तुम्हालाच करावी लागेल.

सीताबाई: मला नाय जमायचं ते.

सरू: जमेल. ही बघा, आधी जुनी काढली.

सीताबाई: असू दे की ती. दोन असल्या तर जास्त आराम पडेल.

सरू: तुम्ही भावाला मारूनच घरी जाणार दिसतंय. जुनी निघाल्याशिवाय नवी नाय. ही चिकट बाजू आत दुमडायची, पोराबाळांच्या हाती लागता कामा नये. नवी दुसऱ्या जागी. नुसत्या पाण्यानं पुसायचं, साबण नाय, तेल नाय. कोरडं झालं की लावून तळहातानं दाबून धरायचं.

काळुराम: सरू, जाऊ द्यायचं होतंस मला.

सरू: तुझ्या मर्जीनं पुष्कळ झालं. हलू नकोस.

काळुराम: तू? मला तू म्हणालीस?

सरू: म्हणाले. आजपासनं तूच.

सीताबाई: अगो, नवरा हाय तो!

सरू: हाय ना. म्हणून तर पाठीवर माझा हात हाय. वाकडाच, पण दाबायला पुरतो.

काळुराम: सूडच घ्यायचाय, तर पट्टी कशाला लावतेस? दुखू दे मला.

सरू: दुखायला लागलं की तू नुसता कण्हतोस. माझा शब्द कानात शिरत नाय तुझ्या.

काळुराम: मग?

सरू: मला तू जागा पायजेस. कण्हणं बंद, डोळे उघडे, कान उघडे. खूप बोलायचं राहिलंय माझं.

सीताबाई: मी निघते गो. गाडी चुकेल.

सरू: बसा, वन्सं. तुमचंपन येईल त्यात.