वीज गेली तेव्हा कार्लाबाईकडे

मी वसईची, ख्रिस्ती आम्ही, पप्पांची केळीची वाडी होती आणि आमच्याकडे डिसेंबरात पहाटे अंगावर शाल घेतली की झाली थंडी, तर अशी मी, लग्न होऊन दोन हजार सालाच्या सुमारास टोरोंटोला आली, स्कारबरोत बेसमेंटमध्ये संसार मांडला, नवरा जोसेफ मार्कहॅमला वेअरहाऊसमध्ये लागला आणि मी म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन त्यांना उठवायचं, आंघोळ घालायची, भरवायचं, हे काम धरलं. थंडीचं काय सांगू तुम्हाला, पहिल्या वर्षी रडली, दुसऱ्या वर्षी देवाशी भांडली, मग शोव्हल करायला, म्हणजे फावड्याने बर्फ उपसायला शिकली. सवय होते हो.

पण हा मागचा नाताळ. त्याच्या आधी पाऊस आला, पाऊसच, पण पडेल तिथे गोठला. सकाळी बघते तर झाडं, तारा, गाड्या, सगळ्यावर काच चढवल्यासारखा बर्फ, आणि फांद्या कडाकड मोडतायत. वीज गेलेली, हीटिंग बंद. ऑफिसातून फोन आला, फिलोमिना, बसेस बंद आहेत, आज कुणाकडे जाऊ नकोस. मी बोलली बरं. फोन ठेवला आणि आठवलं, कार्लाबाईचं काय?

कार्लाबाई म्हणजे माझी इटालियन म्हातारी. सातव्या मजल्यावर एकटी, एक बाजू लुळी, कुणी उठवल्याशिवाय पलंगावरून उठता येत नाही. मुलगा लांब व्हँकूव्हरला. तिचा फोन विजेवरचा, लागेचना. आमची मुलगी शॅरन बोलली, मॉम, दे टोल्ड यू नॉट टू गो. मी बोलली, हो गं, ऐकलं मी. जोसेफ गाडी काढायला गेला तर दारंच बर्फाने चिकटलेली. बोलला, तू हो पुढे, मी गाडी सोडवून येतो. त्याचे लोकरीचे मोजे मी बुटांवरून चढवले, तसं केलं की घसरायला होत नाही, आणि निघाली. फुटपाथवर तारा लोंबत होत्या म्हणून रस्त्याच्या मधून चालली, म्हातारी कोंबडी चालते ना, तशी.

बिल्डिंगची बेल बंद. काचेवर किती वेळ थापा मारल्या तेव्हा सुपरिंटेंडंट, बिल्डिंग सांभाळतो तो, आला. बोलला, मी सगळी दारं ठोकली, तिने आवाज दिला नाही, मला वाटलं नाताळासाठी मुलाकडे गेली. मी बोलली, अरे बाबा, तिला कमी ऐकू येतं. अंधारात कठड्याला धरून जिने चढली. चावी माझ्याकडे होती, पण लावायला हात होईना. आत काय बघायला मिळेल याची भीती.

आत बाई पलंगावर, गोधड्यांत नाकापर्यंत. मला बघून बोलली, यू आर लेट. मी हसली आणि रडली पण. तिचे हात धरले तर गार दगड, ओठ निळे, शब्द जड. गरम पाणी नाही, काही नाही. मग मी कोट काढला आणि सरळ तिच्या गोधडीत शिरली, माझ्या आईला धरलं असतं तशी तिला धरून पडली. झोपायला द्यायचं नव्हतं म्हणून बोलली, चला, रोझरीची माळ म्हणू. मी मराठीत, ती इटालियनमध्ये. शब्द वेगळे, पण कुठे थांबायचं ते दोघींना माहीत. मी मुद्दाम चुकायची, की ती डोळे उघडून रागवायची. हळूहळू तिची थरथर थांबली, बोटं नरम झाली.

मग जोसेफ आला. तो, सुपरिंटेंडंट आणि शेजारचा एक तमिळ भाऊ, तिघांनी तिला स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसवून खाली नेलं, ती वरून सूचना देतेय, स्लोली, स्लोली. कम्युनिटी सेंटरमध्ये जनरेटर होता, तिथे सूप प्यायली. तिथल्या नर्सने तपासलं, बोलली, शी विल बी फाइन.

मुलाचा नंतर फोन आला. आई कशी आहे, एवढंच विचारलं. मी बोलली, बाबा, आई जेवली, झोपली. ऑफिसने मला नियम सांगितले, मी मान हलवली.

आता तिच्या मजल्यावरच्या शेजारणीकडेपण एक चावी ठेवलीय. बाई अजून आहे, मी अजून जाते, माझेच गुडघे बोलायला लागलेत. शॅरन म्हणते, मॉम, रिटायर. होईन की. देवाकडे एवढंच मागते, माझी अशी वेळ येईल तेव्हा दार उघडून कुणीतरी आत येऊ दे. तुमच्याकडेही येऊ दे.