मिस यू, बाबा

गिरीजच्या बसच्या रांगेत माझ्यापुढे एक वयस्क जोडपं उभं होतं.

"अहो, रुचिताचा मेसेज आलाय तुमच्या फोनवर."

"पळून जाऊन लग्न केलं, तेव्हा विचारलं होतं का बापाला?"

"वाचा तर खरं."

"'मिस यू, बाबा.' मिस म्हणजे शाळेतली बाई ना?"

"तो शब्द वेगळा. परवा तुमची बस मिस झाली, म्हणजे काय झालं?"

"चुकली."

"मग?"

"म्हणजे आपलं चुकलं, असं म्हणतेय पोरगी?"

"तसंच समजा. आता फोन लावा."

"लावतो. पण बोलू काय?"

"तुम्हीपण मिस यू म्हणा."

"मी कशाला? माझं काय चुकलं? हॅलो, रुचू? वाडीतली केळी पिकलीत. रविवारी दोघं या."